खांद्यात बरोबर, कमरेत सैल

नाही, बसत नाही. उभाच बरा आहे मी — तुमच्या ह्या खुर्च्या अशा की माणूस एकदा आत रुतला की बाहेर निघेपर्यंत सगळ्याला हो म्हणून बसतो. आणि पाणीही नको. पाणी कशाला? माझा घसा कोरडा पडायला मी काही चोरी केलेली नाही. मघाशी काय म्हणालात ते पुन्हा म्हणा, बाई. तोंडावर म्हणा. ‘मास्तर, आता वय झालं.’ — हं. हे तुमचं बोलणं नव्हे, हे त्या टायवाल्याचं. नाही कसं? परवा आला, गळ्यात टाय अडकवला, आणि माल तपासतो म्हणे. त्याच्या स्वतःच्या शर्टाची एक बाही आखूड आहे, ती आधी तपास म्हणावं. हॉटेलवाल्यांनी कोट परत पाठवले — ठीक आहे, पाठवले. कमरेत सैल आहेत — मान्य. त्यांच्या कामावरच्या बायकांच्या अंगावर गोणपाटासारखे लोंबतायत असं ते म्हणतात — तेही मान्य, लोंबत असतील. पण म्हणून मास्तरांना दिसत नाही? मला? त्या काचेतून बघा जरा बाहेर. शेवटचं मशीन, खिडकीखालचं. लाल स्वेटरवाली बसलीय ना, तिच्या रिळावरचा दोरा संपत आलाय. आलाय की नाही? — बघा, थांबली. दिसलं तुम्हाला? मला इथून दिसलं. आणि फायलींच्या मागे फुलांचा गुच्छ लपवलाय तोही दिसला, आत पाऊल टाकल्याटाकल्या दिसला. कोणासाठी आहे तो? माझ्यासाठीच ना? निरोपाचा. फुलं देऊन हाकलायचं — तुमच्या वडलांना हे जमलं नसतं. ते सरळ शिवी द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी चहाला बोलवायचे.

त्यांनी माझ्या हातात कात्री दिली तेव्हा तुम्ही माझ्या टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करत होतात. तुमचे शाळेचे फ्रॉक मी कापलेत, बाई. तेव्हा कधी नाही म्हणालात, मास्तर, कमरेत सैल.

बरं. ते सोडा. मी भांडायला आलेलो नाही. — आलोय, भांडायलाच आलोय, पण पुरावा घेऊन आलोय. हे दोन खाके. तुम्हाला नको सांगायला, पण त्या टायवाल्याला सांगा, खाका म्हणजे हा पुठ्ठा — हा कापडाच्या थरावर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा, खडूवरून कात्री. पुठ्ठा जसा तसा कोट. कापणारा मधे येतच नाही. आता हा गेल्या वेळचा खाका, ह्याच हॉटेलचा, हाच कोट, तेव्हा त्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. आणि हा ह्या वेळचा. एकावर एक ठेवतो, नवा खाली, जुना वर. बघा. या इकडे, लांबून काय बघता. खांदा — बरोबर. बाही — बरोबर. गळा, पाठ, उंची — खालचा कुठं दिसतोय का? नाही दिसत. आणि आता इथं, कमरेला. दिसला? वरचा आत राहिला, खालचा बाहेर आला. आता तुम्हीच सांगा, ज्याचे डोळे गेलेत तो काय फक्त कमरेत आंधळा होतो? खांद्यात त्याला दिसतं, गळ्यात दिसतं, गळ्याची ती वळणं, तिथं भलेभले चुकतात, तिथं दिसतं — आणि कमरेच्या सरळ रेषेत अंधार? चूक कात्रीची असती तर कुठंही झाली असती. ही चूक नाहीच. मला जसं माप आलं तसा मी खाका केला, जसा खाका तसं कापलं. माझ्याकडून संपलं. आता मापच तसं आलं त्याला मी—

त्याला मी काय करणार.

नाही, माप कोण देतं म्हणजे? तुम्हाला माहीत नाही? पहिला नग शिवून होतो, तो आपल्या टाचणीच्या, माझ्या सुनेच्या अंगावर चढवायचा, मावशी पिना लावतात, तुम्ही पुढून मागून बघता, मान डोलावता, झालं. टाचणीच्या अंगावर बसला तो मधला साइज. त्यावरून लहान, त्यावरून मोठा. त्या हॉटेलात दारापासून गच्चीपर्यंत जेवढ्या बाया कोट घालून हिंडतात त्या सगळ्या टाचणीच्या अंगावरून निघालेल्या. माझी सून आहे म्हणून सांगत नाही, पण तिच्यासारखं अंग दुसरं मिळणार नाही तुम्हाला — मापाला पक्कं, उभी राहिली की हलत नाही, आणि कुठं ओढतंय कुठं टोचतंय ते नेमकं सांगते. बाकीच्या पोरी नुसत्या ‘छान आहे’ म्हणतात. मावशींनी टाचणी नाव ठेवलं ते काही उगाच नाही, बारीक तर आहेच, पण टोचतेही. घरी येऊन विचारा.

मी काय आत असतो का मापाच्या वेळी? सासरा आहे मी तिचा. मी पडद्याबाहेर. आतून मावशी ओरडतात — कमरेत जरा सैल — की मी बाहेर मांडून घेतो. पुन्हा नग शिवला, पुन्हा चढवला, पुन्हा आतून आवाज — अजून जरा सैल करा मास्तर, टोचतंय तिला. केलं सैल. तिसऱ्यांदाही केलं. मी काय म्हणणार, का टोचतंय म्हणून? मी कापणारा माणूस.

तिचं नाव कुठं घेतलं मी? मी म्हटलं माप असं आलं. माप मावशींनी दिलं. मावशींना बोलवू नका, त्यांना काही माहीत नाही — म्हणजे माहीत असण्यासारखं काही नाहीच. माणूस जाड होतो बाई. जेवतो आणि जाड होतो, त्यात काय एवढं? आमच्या घरात सध्या तिला बसता उठता खायला घालणं चाललंय, माझ्या बायकोला दुसरा उद्योग नाही. मी भांडं उघडतो तर म्हणते, ते तुमचं नाही. दूध तिचं, फळं तिची, मऊ उशी तिची. मी आयुष्यभर राबलो, मला कोणी मऊ उशी दिली नाही. अशानं कमर वाढणार नाही तर काय होणार? आणि एवढं खाऊन वर सकाळी सगळं— म्हणजे, पोट बिघडतं कधी कधी. इस्त्रीच्या वाफेचा वास तिला सोसत नाही हल्ली, म्हणून जिन्याकडच्या दारानं येते. मी तिचा डबा धरतो, ती मधल्या वळणावर जरा टेकते, मग आम्ही वर येतो. ह्यात उशीर होत नाही. एकदाही झालेला नाही.

काय बघताय असं? डबा धरतो म्हटलं. सुनेचा डबा सासऱ्यानं धरू नये का?

माझ्याकडे असं बघू नका. असंच बघितलं होतंत तुम्ही त्या सुरईकडे. विसरलात? टाचणीच्या आधी मापाला उभी राहायची ती — उंच मानेची, सुरई म्हणायचो आपण तिला. भोळी होती बिचारी. डॉक्टरकडून निघाली ती सरळ इथं आली, ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीत रुतली आणि सांगून मोकळी झाली. नवऱ्याच्या आधी तुम्हाला सांगितलं तिनं! का, तर म्हणे बाई आईसारख्या आहेत. आणि तुम्ही काय केलंत? मिठी मारलीत. मी बाहेरून बघत होतो, काच आहे तुमची, आरपार दिसतं. मिठी मारलीत, गालाला हात लावलात, उरलेल्या मऊ कापडाची लंगोटं शिवून द्यायला लावलीत — मीच कापली ती — आणि म्हणालात, ‘आता घरी आराम कर गं, बाळाचं बघ, काम काय पळून जातंय.’ पळून नाही गेलं काम. टाचणीला दिलंत. पोर झालं, पोर रांगायला लागलं, सुरई इथं दाराशी येऊन उभी राहायची. तुम्ही बाहेरच यायच्या नाहीत. टायवाल्याच्या आधीचा तो जो होता, तो सांगायचा — बाई मीटिंगमध्ये आहेत. शेवटी यायची बंद झाली. शिव्या दिल्या असत्यात तर तिनं परत दिल्या असत्या, जीव हलका झाला असता. मिठी मारून काढलंत. मिठीला काय उत्तर देणार माणूस?

म्हणून मग बाकीच्या शहाण्या झाल्या. आता कोण येऊन सांगणार तुम्हाला? पोटुशी बाई आधी इकडं तिकडं बघते, हिशेब मांडते — कधी सांगू, कोणाला सांगू, सैल कपड्यात अजून किती दिवस झाकेल. ज्या गोष्टीचे पेढे वाटायचे ती चोरीच्या मालासारखी पदराखाली दडवायची! आणि घरात भांडणं. बायको म्हणते, नीट स्थिर होऊ दे, तोवर चकार शब्द नाही. मुलगा म्हणतो, आजच सांग, दिवसभर उभं राहून काही झालं तर कोण निस्तरणार? आणि ती म्हणते — ती कसली ऐकते, मी सांगितलं ना टोचते — ती म्हणते, हॉटेलचं काम पास होऊ द्या. पास झालं की नमुन्याची खोली माझ्या हाताखाली द्यायचा शब्द आहे बाईंचा. मग मापाला दुसरी पोरगी उभी राहील आणि मी नुसती बघणारी. बघणारीचं पोट कितीही वाढलं तरी कोणाचं काही अडत नाही. त्या दिवशी सांगीन, त्याच्या आधी सांगितलं तर माझी सुरई होईल. आणि मग तिघंही माझ्याकडे वळतात — तुम्ही तोंड उघडू नका! मी जेवतोय. मी एक शब्द बोललेलो नाही. माझं मत कोणी विचारत नाही, फक्त तोंड बंद ठेवा म्हणतात. इतकं बारीक ठरवलं सगळ्यांनी, कधी सांगायचं, कसं सांगायचं, कोणता ड्रेस घालून सांगायचं — आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की अगं बाई, तू काही हिशेब लिहायला जात नाहीस तिथं, तुझी कमर हेच तर तुझं काम! ती लपवशील कशी? माझ्यासुद्धा डोक्यात नाही आलं. घरी ती सूनबाई, इथं टाचणी. घरी तिला दूध नेऊन द्यायचं, इथं मावशी म्हणाल्या सैल की सैल करायचं. दोघी एकच बाई आहेत हे मला कोट परत आले त्या दिवशी कळलं. गठ्ठा सोडला, वरचा कोट हातात घेतला, कमरेला बोट लावलं आणि म्हटलं — अरे, हे तर माझं नातवंड. अख्ख्या हॉटेलच्या बाया माझं नातवंड पोटावर घेऊन हिंडतायत.

...

फोन खाली ठेवा, बाई.

नाही, मी काही बोललो नाही. मी सुरईचं सांगत होतो. तिच्या घरचं — तिचाही नवरा, तिचीही सासू, सगळ्यांची घरं सारखीच असतात. नातवंड कुठं म्हटलं मी? तुम्ही म्हणताय. — कितवा महिना? कसला महिना? मला महिने कळत नाहीत, मी शाळेत गेलेलो नाही. हसू नका. आणि ते डोळे तसे करू नका, पाणीबिणी आणू नका डोळ्यांत, सुरईच्या वेळीही आणलं होतंत. ‘बाळाची काळजी’ हा शब्द तुमच्या तोंडून मला ऐकायचा नाही. तिची काळजी घ्यायला आम्ही तीन माणसं आहोत आणि तिघंही तिला नकोशी झालोय. तिला बसायला एक स्टूल द्या, जिन्याशी जरा वारा येऊ द्या, ती उभी राहील. आणि नाही राहिली तर कडेला बसून दुसरीच्या अंगावरचा कोट तुमच्याहून नीट बघेल. तिला काय करायचं ते तिला कळतं. कधी सांगायचं तेही तिचं तिला कळत होतं — तिचं गणित बरोबर होतं, चुकलं ते फक्त तोंड. माझं.

घंटी कशाला वाजवलीत? कोणाला बोलावताय? त्या पोऱ्याला काय सांगितलंत आत्ता — टाचणीला पाठव म्हणून? कोट घालूनच ये म्हणून?

ऐका. बाई, ऐका माझं. ती जिना चढतेय तोवर ऐका.

चूक माझी आहे.

हो, मघाशी तसं म्हणालो, आता असं म्हणतोय. म्हातारा माणूस आहे, फिरतो. हा खाका — हा मीच चुकवला. मावशींनी माप बरोबर दिलं होतं, टाचणी बरोबर उभी होती, कोणी सैल म्हणालं नाही, काही नाही. मी खडू फिरवताना रेघ सोडून बाहेर गेलो. दिसली नाही मला रेघ. खांद्यात बरोबर आली कारण खांदा हाताला पाठ आहे, डोळे मिटूनही कापीन. कमर चुकली. तो टायवाला काय म्हणतो ते खरं आहे, त्याला सांगा, शाबास. ह्या काचेतून बाहेर मला नुसतं धुकं दिसतं. मघाचं ते लाल स्वेटरचं, ते — ते आवाजावरून ओळखलं. मशीन थांबलं की कळतं. कोणालाही कळतं. गुच्छाचा वास आला म्हणून कळलं.

हसताय? हसा. पण हॉटेलवाल्यांना हेच सांगा — आमच्या कापणाऱ्याला दिसत नव्हतं, म्हातारा झाला होता, काढला त्याला. नवीन कापणारा घ्या, हा जुना खाका तुमच्याजवळ आहेच, ह्याच्यावरून सगळे कोट नीट निघतील, पुन्हा कोणाच्या अंगावर चढवायची गरजच नाही. काम पास होईल. तुम्हाला हवं ते सगळं मिळतंय, बाई. म्हातारा जातोय, माल सुधारतोय, दोष कोणाचा तेही ठरलं. त्या बदल्यात मी तुमच्याकडे काय मागतो? एवढंच की आत्ता ती आत आली की तिला कोट बघायला बोलावलं म्हणा, कोट बघा, आणि पाठवून द्या. मिठी मारू नका. काम पास झालं की ती येईल तुमच्याकडे, आपल्या पायांनी, आणि सांगेल. तेव्हा चेहऱ्यावर आश्चर्य आणा. जमेल तुम्हाला. तुम्हाला चेहऱ्यावर काहीही आणता येतं.

आणि दिलेला शब्द पाळा. वडलांचं नाव नाही घेत मी, तुमचाच शब्द आहे, तुमचाच पाळा.

नाही पाळलात तर? — नाही पाळलात तर मी काय करणार! आंधळा माणूस मी.

द्या तो गुच्छ इकडे. कुठं आहे? हात पुढे करतो, हातात द्या. टाळ्याबिळ्या नकोत. हे फोटो काढायला कोणाला बोलावलं असेल तर सांगून टाका, म्हातारा चिडका आहे, गेला. मला जिना उतरायला कोणाचा हात नको, पण—

पावलं वाजतायत. आली. मधल्या वळणावर टेकली नाही आज, पळत आली मूर्ख पोरगी.

काही बोलू नका. बाई, पाया पडतो, एक शब्द बोलू नका—

कोण आलंय? दारात कोण उभंय, बाई? बाईमाणूस आहे का? मला इथून नाही दिसत.